कुकरची इस्त्री

बायको ऑस्ट्रेलियात आर्मिडेलच्या युनिव्हर्सिटीत नर्सिंग शिकत होती आणि मी तिच्या व्हिसावर आलेला नवरा होतो. पुण्यात इंजिनियर होतो. इथे काम मिळेपर्यंत घर सांभाळायचं ठरलं. रिकामं बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे धुण्याभांड्यांत मी जरा जास्तच लक्ष घातलं. हॉस्पिटलमधल्या तिच्या प्लेसमेंटची, म्हणजे वॉर्डवरच्या प्रत्यक्ष कामाची, परीक्षा होती, त्याच्या आदल्या दिवशी मी तिचे दोन्ही युनिफॉर्म धुऊन मागच्या अंगणात वाळत घातले.

"अरे, एक तरी आत घाल. थंडी बघ," ती म्हणाली.

"कोरड्या हवेत कपडे पटकन वाळतात. सायन्स आहे ते."

सकाळी उठून बघतो तर अंगण पांढरंशुभ्र आणि दोरीवर दोन युनिफॉर्म हात पसरून ताठ उभे. एक काढला, तर घडी होईना. दारातून आडवा करून आत आणावा लागला.

बर्फाने कुठेतरी तार तुटली असावी, वीज गेली होती. म्हणजे हीटर नाही, इस्त्री नाही. नळ उघडला तर नुसतं फुस्स, पाइप गोठलेला. गॅसचं सिलिंडर तेवढं इमानदार निघालं. बायको ब्लँकेट गुंडाळून बसली होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. शिफ्ट चुकली की प्लेसमेंट नापास, मग सगळं सेमिस्टर पुन्हा. ते आम्हाला झेपणारं नव्हतं. पुण्याला परतावं लागलं असतं, आणि तिकडची नोकरी मी सोडून आलो होतो. मला खरंच भीती वाटली.

मी पातेलंभर बर्फ आणून गॅसवर ठेवला. पातेलंभर बर्फाचं जेमतेम पेलाभर पाणी होतं, हे सायन्स मला माहीत नव्हतं. बऱ्याच फेऱ्यांनंतर कुकर अर्धा भरला. पाणी उकळलं तसा मी तो कुकरच युनिफॉर्मवर फिरवायला लागलो. वाफा निघायला लागल्या आणि मी खूश झालो.

"हिंगाचा वास येतोय," ती म्हणाली.

"येऊ दे. हिंग पाचक असतं."

"मी वॉर्डवर चाललेय, पंगतीला नाही!"

बाह्या दमटच राहिल्या, पण तिने तो तसाच अंगात चढवला. आता गाडी. काचेवर बर्फाचा जाड थर होता आणि माझ्या हातात उकळतं पाणी. मी ते ओतलं. कडकन आवाज झाला आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

बायकोने काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती बोलत नाही तेव्हा मी फार घाबरतो. तिने पर्स खांद्याला अडकवली आणि सरळ चालायला लागली. मागून मी, माकडटोपी घालून, तिच्या डोक्यावर छत्री धरत. उतारावर मी दोनदा आपटलो. दोन्ही वेळा तिने हात देऊन उठवलं आणि ती पुन्हा चालायला लागली. हॉस्पिटलच्या दारात इन्चार्ज बाई गमबूट घालून फावड्याने बर्फ ओढत होत्या. "चालत आलीस? गुड ऑन यू!" म्हणत त्यांनी तिला आत नेलं. ती वळूनही न बघता गेली.

दुपारी ती परतली तोवर वीज आली होती. मी हीटर लावून चहा तयार ठेवला होता, पण काय झालं ते विचारायची हिंमत होईना. तिने अख्खा चहा संपवला.

"पास," ती म्हणाली.

मी रडलो. चांगला घोडा झालेला इंजिनियर, हातात तिचे ओले मोजे धरून हुंदके देत होतो. ती आधी हसली, मग तिचेही डोळे भरले. कपडे बदलून आली तेव्हा मला वाटलं, धुण्याचं खातं आता आपल्याकडून गेलं. तिने युनिफॉर्म माझ्याच हातात ठेवला.

"उद्या पुन्हा शिफ्ट आहे," ती म्हणाली. "आत वाळव."