केझाया व्हॅनडोरनचं मत

केझाया व्हॅनडोरनचा नवरा गेला आणि न्यू जर्सीतली सफरचंदांची बाग तिच्या नावावर झाली. बागेपाठोपाठ मताचा हक्कही आला. राज्यघटनेत ‘सर्व रहिवासी’ असा शब्द होता आणि त्यात मालमत्ता असलेली विधवा बसत होती. नवरा असता तर मालमत्ता त्याची ठरली असती आणि हा हक्क नसता, हे तिला कुठेतरी टोचायचंही.

विधानसभेचे सभासद ओबडाया क्रेन निवडणूक आली की टोपी हातात धरून तिच्या दारात यायचे. मतदानाला न्यायला गाडी पाठवायचे. अशी दहा वर्षं गेली.

मग १८०७ साली शेजारच्या परगण्यात एका मतदानात भलताच घोळ झाला आणि विधानसभेनं कायदा केला: यापुढे मत फक्त कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुषांचं. क्रेननीही हात वर केला होता.

ते घोड्यावर बसून बागेजवळून चालले होते, तेव्हा केझायानं त्यांना हाक मारून थांबवलं.

“काय हो क्रेनसाहेब, आमचं काय चुकलं?”

“तुमचं नाही हो बाई. पण तिकडे पुरुष झगे घालून दोन-दोनदा मतं देऊन गेले म्हणतात.”

“म्हणजे लबाडी पुरुषांनी केली, आणि हक्क गेला बायकांचा?”

“कायदा काय मी एकट्यानं केला?”

“हात तर तुमचाच होता ना?”

क्रेन घोडा हाकून निघून गेले.

पुढच्या निवडणुकीला ती चालत गेली. रांगेत तिच्यामागे टायटस लोहार होता; स्वतंत्र, घरदार असलेला, पण काळा. दोघांनाही परत पाठवलं. “उद्या हेच लोक नाल ठोकायला घोडे घेऊन येतील, तेव्हा माझा रंग नाही दिसायचा कुणाला,” वाटेत टायटस म्हणाला. तिला हसू आलं नाही.

तरी ती दर वर्षी जात राहिली. नाव सांगायची, नकार ऐकायची, परत फिरायची. लोक थट्टा करून थकले.

सत्तरीच्या पुढे एकदा टेबलाशी नवा तरुण अधिकारी होता. “आजीबाई, बायका कधी मत देतात का?” तो हसून म्हणाला.

“जुनी यादी काढ. अठराशे दोनची.”

रांग खोळंबली होती, तरी त्यानं कपाट उघडलं. पिवळ्या कागदावरून बोट फिरवत गेला आणि थांबला. मग त्यानं तिचं नाव मोठ्यानं वाचलं. एकेकाळी बायकाही मत द्यायच्या, हे खोलीतल्या कितीतरी जणांना ठाऊकच नव्हतं.

मत तिला मिळालं नाही. पण त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही.