दुसऱ्यांदा टाकलेली भुकटी

माझ्या सासूबाईंचा विश्वास देवावरही हातचा राखून असायचा. शेजारणीने हसून विचारपूस केली की "हिला काहीतरी हवंय" म्हणून मोकळ्या! चष्मेवाला लुबाडतो म्हणून चष्मा नाही. वजनकाट्यावरचा आकडा त्यांना दिसत नसे, त्यामुळे मी सांगितलेला आकडा खोटाच असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं.

आमच्या घरामागे अळ्यांची शेड. ट्रेमध्ये ओला कोंडा, त्यात वळवळणाऱ्या माशीच्या अळ्या. शेवटचे दोन दिवस त्या कोंड्यात सेलेनियम नावाच्या खनिजाची भुकटी मिसळायची. अळ्या ते अंगात मुरवतात, मग वाळवून, दळून कोंबड्यांच्या खाद्यात जातात. बेताने दिलं तर अंडी चांगली उबतात, जास्त झालं तर विषच. गिऱ्हाईक एकच, माझी नणंद. तिचा पिल्लं उबवायचा धंदा. भुकटी आणायच्या सासूबाई, तोलून टाकायचे मी. अकरा वर्षं या घरात काढली, तरी माझ्या पाठीवर त्यांची नजर असायचीच.

यंदा नणंदेची निम्मी अंडी उबलीच नाहीत. फोडून पाहिली, तर आत मेलेली पिल्लं, चोची वाकड्या. तिने अळ्या तपासायला दिल्या. सासूबाईंनी त्याआधीच निकाल लावला.

"हिचंच काम. हिचं लक्ष असतं कुठे?"

मला इतका संताप आला की हातातला ट्रे आपटला. पण आतून घाबरलेही होते. नणंदेने अळ्या बंद केल्या की शेड बंद, आणि ठपका जन्मभर माझ्यावर.

दोन दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. "वहिनी, सेलेनियम जवळजवळ दुप्पट निघालंय. कोणी टाकलं ते आजच कळलं पाहिजे, नाहीतर माझ्याकडे अळ्या पाठवू नका."

मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मी तोलून एकदाच टाकते."

"एकदाच, आणि तेही कमी!" त्या उसळल्या. "मला काय कळत नाही? म्हणून तर यंदा तू गेल्यावर मी रोज पुन्हा…"

पुढचा शब्द त्यांनी गिळला. खोलीत आम्ही दोघीच होतो. ऐकणारं तिसरं कोणी नव्हतं, म्हणजे आता या साफ कानावर हात ठेवणार, याची मला खात्री होती. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं. मी चपला काढल्या आणि दाराला कान लावला.

"ऐक," त्या लेकीला फोनवर सांगत होत्या, "तुझ्या वहिनीचं माप बरोबर होतं. तुझी पिल्लं मी मारली." मग पलीकडचा प्रश्न ऐकून म्हणाल्या, "छे गं, तिने नाही बोलायला लावलं. ती बाहेर दाराला कान लावून उभी आहे. मी खरं सांगेन असं वाटलंच नाही तिला. माझ्याच हाताखाली तयार झालीय ना."