पंपापाशी उभं राहायचं

एका जागी बूड टेकणं मला कधी जमलं नाही. साठच्या दशकात नवऱ्यामागून दुबईला आले तेव्हा तर जीव नुसता घुसमटला. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात मी खळ्यातून विहिरीवर, विहिरीवरून बंदरावर अशी दिवसभर हिंडायची. इथे दुबईच्या देरा भागात एक अंगण, चार भिंती आणि झावळ्यांचं छप्पर. नवरा सकाळी खाडीकाठच्या पेढीवर जायचा आणि मी अंगणात येरझाऱ्या घालायची. अमिरात नावाचा देश तेव्हा व्हायचा होता, आणि बोटीने परत जायचं माझ्या मनात रोज एकदा तरी येऊन जायचं.

अशात एकदा मुलीला ताप आला. पाच वर्षांची होती. दवाखान्यातून एक गोरी नर्सबाई घरी आली, आमचं बोलणं कानावर पडताच मुलीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "पोरीला काय झालंया?"

मी दचकून दोन पावलं मागे सरले. मग कळलं, बाई पोलंडची. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश लोकांची कोल्हापूरजवळ छावणी होती, तिथे तिची उमेदीची वर्षं गेली. भाजीवाल्यांशी आणि टांगेवाल्यांशी घासाघीस करता करता ती मराठी शिकली. पुढे विलायतेत नर्स झाली आणि तिथून इथे आली. मी कोकणी मुसलमान, ती कोल्हापुरी बोलणारी ख्रिश्चन. एकमेकींच्या बोलण्याला आम्ही मनसोक्त हसलो. इतकं हसून मला कित्येक महिने झाले होते.

तीही माझ्यासारखीच. चहाची पेली हातात घेऊन उभीच. बस म्हटलं तर खाटेच्या कडेवर टेकायची आणि लगेच उठायची. दोघी अशा असल्यावर घरात कोण बसणार? गुरुवारी तिला सुट्टी असायची. त्या दिवशी ती डोक्याला रुमाल बांधून, हातात टोपली घेऊन यायची आणि आम्हाला सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, न्यायची. मी म्हटलं, बाजार तर रोजच भरतो, गुरुवारच का? तिच्या गावचा बाजार गुरुवारचा होता. कुठल्या तरी जुन्या राजाने गुरुवारी बाजार भरवायचा हक्क गावाला दिला होता, आणि तेवढ्या भांडवलावर ते गाव शेकडो वर्षं तोऱ्यात राहिलं होतं.

त्या गावाचं नाव मला कधी उच्चारता आलं नाही, पण गाव पाठ झालं. अंगणातल्या वाळूत ती बोटाने चौकोन काढायची. एका अंगाला कॅथलिकांचं देऊळ, समोर रशियन धाटणीचं दुसरं, मागच्या गल्लीत यहुद्यांचं. चहूबाजूंनी दुकानं, त्यातली बहुतेक यहुद्यांची. गुरुवारी पहाटेपासून खेड्यांतल्या घोडागाड्या यायच्या. बदकं, अंडी, चामड्याचे बूट, खाऱ्या मासळीची पिंपं, शेपू घालून खारवलेल्या काकड्या. शेपू म्हटल्यावर माझ्या नवऱ्याने नाक मुरडलं. तीनदा आग लागून गाव जळालं होतं म्हणे, आणि दर वेळी लोकांनी आधी चौक बांधला, मग घरं. माझी मुलगी खजुराच्या बियांच्या गाड्या करायची, शिंपल्यांची बदकं. चौकोनाच्या मधोमध बाई एक काडी रोवायची. तो पंप, पाण्याचा.

"बाजारात चुकलीस तर पंपापाशी जायचं," ती मुलीला बजावायची. "तिथंच उभं ऱ्हायाचं. जिच्यासंगं आलीस ती येईतोवर हालायचं न्हाई." त्यांच्या गावच्या प्रत्येक पोराला हे घोकून घेतलेलं असायचं. देऱ्यात पंप नव्हता. पण सूकच्या तोंडाशी गोड्या पाण्याचा नळ होता, गाढववाले तिथे पत्र्याचे डबे भरायचे. तोच आमचा पंप ठरला. दर गुरुवारी परतताना बाई तिथे थांबायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं न्याहाळत राहायची. मला घाई व्हायची. एकदा वैतागून विचारलं, कुणाची वाट बघतेस?

तेव्हा तिने सांगितलं. रशियन फौज गावात आल्यानंतरचा एक गुरुवार. आई धाकट्या बहिणीला घेऊन बाजारात गेली आणि गर्दीत बहीण हातातून सुटली. आई घाबरली नाही. हातातलं ओझं ठेवायला ती आधी घरी आली आणि थोरलीला, म्हणजे बाईला, म्हणाली, ती पंपापाशी असेल, जा, घेऊन ये. बाई बुटाची नाडी बांधत होती तेवढ्यात सैनिक दारात आले. घरात जे होते त्यांना गाडीत घातलं, तिथून आगगाडीत, तिथून पार सैबेरियात. आईने त्यांचे पाय धरले. धाकटीला मागून आणतील, म्हणाले. आई पुढच्याच हिवाळ्यात गेली. मग जर्मन आले आणि गावातल्या यहुद्यांना मारलं, दुकानं ओस पडली. बाईची सुटका होऊन ती कोल्हापूरच्या छावणीत पोचली. लढाई संपली तेव्हा सरहद्द सरकून गावच दुसऱ्या देशात गेलं होतं. बाईने सगळीकडे चौकशी केली. कुठूनच काही कळलं नाही.

"लई शानी होती," बाई म्हणाली. "सांगितलेलं मोडायची न्हाई."

मी उगीच तिच्या टोपलीतली लिंबं सारखी करत बसले.

त्यानंतर एकदा मुंबईची बोट लागली होती. नवा माल आला म्हणून मी मुलीला घेऊन कापडगल्लीत गेले. बाई दवाखान्यात होती. हमाल हातगाडी रेटत "यल्ला, यल्ला" करत आले, गर्दी फाकली, आणि पुन्हा जुळली तेव्हा माझ्या हातात मुलीचा हात नव्हता. मी वेडीपिशी झाले. दुकानादुकानांतून हाका मारल्या, एका दुकानदाराशी उगीच भांडले, आणि मग खाडी आठवली. धक्क्यावर धावले. त्या हिरव्या पाण्यात वाकून वाकून बघितलं. बाईचा चौकोन, काडी, नळ, काहीएक डोक्यात आलं नाही. आमच्या गावात चुकलेलं पोर कुणीही खाला-मावशी कडेवर घेऊन घरी आणून सोडते. पोर कुठे उभं राहील, हा विचार आम्हाला करावाच लागत नाही.

झालंही तसंच. शेजारची खाला मला शोधत धक्क्यावर आली. मुलगी नळापाशी होती. खालाने तिला उचलायला हात घातला तर तिने कडकडून चावा घेतला. "अम्मीबरोबर आलेय, अम्मीबरोबरच जाणार," एवढंच म्हणत होती. खाला मला हातावरचे दातांचे वण दाखवत राहिली, मी पळत सुटले.

नळापाशी बाई माझ्याआधी पोचली होती. दवाखान्यात कुणीतरी सांगितलं आणि ती सरळ इथेच आली, तिला शोधावं लागलं नाही. पण ती मुलीजवळ गेली नव्हती. थोड्या अंतरावर, गाढवांच्या पलीकडे, नुसती उभी होती. उन्हाने मुलगी लालबुंद झाली होती, ओठ सुकले होते, आणि पाणी तर शेजारीच वाहत होतं. मी तिला छातीशी धरलं, एक धपाटाही घातला. ती अभिमानाने म्हणाली, "मी हलले नाही."

बाई तेव्हा पुढे आली.

"आनि कुनीच आलं नसतं तर?" तिने विचारलं.

"उभी राहिले असते," मुलगी म्हणाली.

एका जागी कधी न बसलेली ती बाई त्या चिखलात मटकन बसली. मुलीचे दोन्ही दंड तिने धरले. रडत नव्हती. "न्हाई," ती म्हणाली. "कुनी आलं न्हाई तर अंधार पडायच्या आत जायचं. कुनाच्या बी घरी जायचं, जो बोलवंल त्याच्यासंगं. वाट बघायची न्हाई. आमच्या आईनं एवढंच सांगायचं ऱ्हायलं."

मुलीने मान हलवली. बाईने तिच्याकडून ते म्हणवून घेतलं. मग मुलीचे दंड सोडून, नळाकडे बघत, तेच ती आपल्या भाषेत बोलली, सावकाश, एखाद्या लहान पोरीला समजेल असं. माझ्या मुलीला ती भाषा येत नव्हती.