शेवटच्या बाकावरचे काहून सर

आमच्या गणिताच्या सरांना चुकलेल्या उत्तराचा राग येत नसे, बरोबर आलेल्या उत्तराचा संशय येई. वहीत नेमकं उत्तर दिसलं की चष्मा कपाळावर चढवून ते विचारत, "आलं ना? आता सांग, काहून आलं?" पुस्तकाच्या मागे पाहून उत्तर उतरवणाऱ्याची बोबडी वळे. आमच्याकडे 'का'ला 'काहून' म्हणतात; बडनेऱ्याजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांचं नावच काहून सर पडलं होतं.

सोमवारी ते स्वतः शिकवत. मंगळवारी मात्र खडू आमच्यापैकी एकाच्या हातात देत आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसत. त्या दिवशी वर्ग त्या मुलाने किंवा मुलीने चालवायचा. शनिवारी शाब्दिक उदाहरणं धड्यासारखी मोठ्याने वाचून घेत. "वाचता येत नाही अन् सोडवाले निघाले!" हे त्यांचं नेहमीचं.

गुरुवारी ते नुसतं ऐकत, तेही डोळे मिटून. एकेकाने आपलं गणित तोंडी सांगायचं. सर झोपतात असा आम्हाला दाट संशय होता. खात्री करायला एकाने मुद्दाम पायरी गाळली. डोळे न उघडता सर म्हणाले, "मधातली पायरी तुह्या खिशात राह्यली का बे?"

दहावीत मंगळवारी माझाच नंबर वारंवार लागू लागला आणि ते बाबांच्या कानावर गेलं. बाबा रेल्वेत ट्रॅकमन. त्यांची शाळा सातवीतच सुटलेली, त्यामुळे माझ्या दहावीत त्यांचा जीव अडकलेला.

"पगार मास्तरले अन् शिकवून राहिली तू?" ते म्हणाले. "तो मांगं बसून काय करते मंग?"

आणखी तीन-चार पालकांनाही तेच वाटत होतं. वर शिक्षण विभागाकडे तक्रारीचा अर्ज द्यायचं ठरलं. अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं. "सदर शिक्षक कधीच शिकवत नाहीत," असं मी लिहिलं. अमरावतीची मुलं क्लासला जातात आणि मी इथे दुसऱ्यांना शिकवत बसले, आपली दहावी बुडणार, असं मलाही वाटत होतं.

चौकशीला शिक्षण विस्तार अधिकारी आले ते नेमके मंगळवारी. खडू माझ्या हातात होता आणि मी समरूप त्रिकोणांचं प्रमेय सिद्ध करत होते.

"तुमचे सर कुठे आहेत?"

शेवटच्या बाकावरून हात वर झाला. "हजर आहो, साहेब."

वर्ग फिसकन हसला. साहेब हसले नाहीत. "तुम्ही शिकवता केव्हा?"

"ऐकल्यावर. कुठं अडलं ते समजल्याबिगर काय शिकवू?"

साहेबांनी मला पुढे चालवायला सांगितलं. एका मैत्रिणीने मध्येच एक शंका विचारली. मी आकृती पुन्हा काढून तिला समजावलं, आणि तेव्हा लक्षात आलं की बराच वेळ मी पुस्तकाकडे पाहिलेलंच नाही. हे मला कोणी शिकवलं होतं? साहेबांनी विचारलं, "सर शिकवत नाहीत, असं कोणाला वाटतं?" एकही हात वर झाला नाही. पण "शिकवतात" म्हणायला माझंही तोंड उघडलं नाही. त्यांच्या फाईलमध्ये माझं अक्षर होतं.

परीक्षा आटोपली आणि मे महिन्यात सरांची बदली लांब मेळघाटात, धारणीला झाली. मी शाळेत जाऊन त्यांना गाठलं आणि सांगून टाकलं, "सर, अर्ज मी लिहिला होता."

"मालूम हाये. साहेबांनी अर्ज दाखवला होता. तीन वर्षं तुह्या वह्या तपासल्या, अक्षर ओळखणार नाही?" ते कपाटातली पुस्तकं पोत्यात भरत होते. "पण पोरी, 'कधीच' काहून लिहिलं? सोमवारी मी शिकवतो. एक उदाहरण उलट निघालं का अख्खं विधान खोटं. एवढं तरी तपासाचं होतं."

माझं नाव त्यांनी साहेबांना कधीच सांगितलं नव्हतं. बाबांकडेही कधी विषय काढला नव्हता.

पुढे आमच्या घरातली पहिली पदवी मी घेतली. आता अकोल्यात गणितच शिकवते. ती बदली अर्जामुळे झाली की नुसती प्रशासनाची सोय म्हणून, याचा पत्ता अजून लागलेला नाही. नोकरी लागल्यावर मी सरांना फोन करून तेच विचारलं.

"पुरावा नाही," ते म्हणाले. "संशयाचा फायदा तुले."

तो फायदा घ्यायला माझं मन अजून धजावत नाही.