नानाच्या गाडीचा ठोकळा

नाना गेला त्या रविवारी मी सकाळपासून चपला घालून, पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन दारातल्या खुर्चीत बसले होते. आम्हाला दांडीला जायचं होतं. आठला येतो म्हणालेला माणूस साडेनऊ झाले तरी येत नव्हता, आणि हे काही नवीन नव्हतं. वाटेत कुणीतरी भेटलं असेल, नाहीतर गाडीचं दार लागत नसेल, नाहीतर चलथाणच्या बाजूला कुठेतरी जुनी विहीर आहे असं कुणी सांगितलं म्हणून तो आधी ती बघायला गेला असेल. पंकजचा, म्हणजे त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा त्याला तोंड उघडू न देता मी सुनावलं, "तुझ्या बापाला सांग, मी काही रिकामी बसलेली नाही, मलाही घर आहे." त्याने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "आत्या, पप्पा उठत नाहीयेत." बूट घालायला पलंगावर बसला होता, तसाच मागे कलंडला होता. एक बूट पायात होता, एक हातात. माणूस जातानाही वेळेवर तयार झाला नाही, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार आहे आणि तो मी लपवणार नाही. रडू नंतर आलं.

युवराज त्याचं नाव, पण घरात आणि कारखान्यात सगळ्यांचा तो नाना. साक्रीजवळच्या आमच्या गावातून मिसरूड फुटायच्या आत तो सुरतेला आला आणि उधन्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागला. पुढे लूम दुरुस्त करणारा मास्टर झाला. मी त्याच्या मागून आले, इथेच मराठी शाळेत शिक्षिका झाले, आणि आयुष्यभर त्याच्यापासून दोन गल्ल्यांवर राहिले. ते अंतर कमी पडलं असं मला अनेकदा वाटलं आहे. आठवडाभर लूमच्या खडखडाटात काढल्यावर इतर माणसं रविवारी झोपतात. नाना गाडी काढायचा. एका फरसाणवाल्याकडून घेतलेली जुनी व्हॅन होती. कितीही धुतली तरी तिला शेवगाठ्यांचा वास यायचा, आणि उन्हात ती तापली की सगळ्यांना भूक लागायची. तिचा हँडब्रेक पहिल्या दिवसापासून चालत नव्हता. जगातले सगळे लूम दुरुस्त करणाऱ्या माझ्या भावाने स्वतःच्या गाडीचा हँडब्रेक शेवटपर्यंत केला नाही. त्याऐवजी मोडीत निघालेल्या एका लूमचं सागवानी लाकूड कापून त्याने ठोकळा बनवला, त्याला डाग पडलेल्या साडीचा तुकडा गुंडाळला, आणि चढावर गाडी थांबली की तो मागच्या चाकाला लावायचं काम माझ्याकडे दिलं. का, तर मी मागच्या दाराशी बसायचे.

"ठोकया लाव वं," तो पुढून ओरडायचा. आमच्या अहिराणीत ठोकळ्याचा ठोकया होतो. मी साडी सावरत उतरायची, चाकाशी वाकायची, ठोकळा लावायची, आणि मान वर करेपर्यंत बाकीची मंडळी पुढे गेलेली असायची. निघताना त्याहून वाईट. गाडी पुढे सरकली की ठोकळा उचलायचा आणि पळत येऊन बसायचं, कारण चढावर एकदा निघालेली गाडी नाना परत थांबवायचा नाही. सातवीला भूगोल शिकवणारी बाई मी, आणि सापुताऱ्याच्या घाटात काखेत लाकूड घेऊन व्हॅनमागे पळते आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी पाहिलेलं आहे. दक्षिण गुजरातेतला कोणताही गड, धबधबा, धरण मला विचारा, मी त्याचं वर्णन टायरपासून सुरू करीन.

सरळ जाणं त्याला ठाऊक नव्हतं. बारडोलीला निघालो की मध्येच पाटी दिसायची, नाहीतर पाटी नाही म्हणूनच त्याला संशय यायचा, आणि गाडी उसाच्या शेतातून कुठेतरी निघायची. पत्ता विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. विचारलाच तर इतक्या मोठ्या आवाजात विचारायचा की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरे. लूमवाल्यांचा आवाज तसाच असतो, त्यांना स्वतःला तो ऐकूच येत नाही. गडावरच्या शांततेत त्याने तोंड उघडलं की माकडंसुद्धा उठून जायची. पण एकदा भर पावसाळ्यात वघईजवळच्या गिरा धबधब्यावर गेलो होतो. पाण्याचा असा आवाज, की शेजारच्याचा शब्द कळेना. सगळे मुके होऊन उभे. आणि नाना व त्याच्याबरोबर आलेला कारखान्यातला एक जोडीदार मात्र धबधब्याच्या दोन टोकांना उभे राहून निवांत गप्पा मारत होते... ओठांच्या हालचालीवरून आणि हातांच्या खुणांनी, लूमच्या खात्यात रोज मारतात तशा. मध्येच हसतही होते. मला फार हेवा वाटला. माझ्याशी तो आयुष्यभर ओरडून बोलला, आणि ते दोघं एवढ्या गदारोळात हळू बोलत होते.

माझ्या मुलीचं लग्न नवापूरला होतं. आमच्यात मुलीला मांडवात आणायचं काम मामाचं. नाना आदल्या दिवशी नीट यायला निघाला, सोबत माझ्या सासरचे दोन म्हातारे पाहुणे. सोनगडचा किल्ला रस्त्यावरूनच दिसतो. गायकवाडांचा कारभार बडोद्याच्या आधी इथून चाले, हे पाहुण्यांना माहीत नाही म्हटल्यावर नानाला राहवलं नाही. पाहुणे वर चढले, पण त्यांना खाली उतरता येईना, धरून उतरवेपर्यंत अंधार पडला. रात्र नातेवाइकांकडे काढून सकाळी तो पोचला तेव्हा मुहूर्त डोक्यावर आलेला, भटजी घड्याळ दाखवतोय, मुलाकडचे लोक कुजबुजतायत, आणि माझी मुलगी बाशिंग बांधून खोलीत रडतेय. नाना आला तो पँटीला कुसळं लागलेला. मी त्याला बाजूला घेऊन दातओठ खात म्हटलं, "किल्ला काही पळून चालला होता का?" तर शांतपणे म्हणतो, "किल्ला नही पयस वं माय, आपुनच पयतस." आणि त्याच कुसळांसकट भाचीला मांडवात घेऊन गेला. फोटोत ती कुसळं दिसतात. मी हात टेकले.

त्याचं आणखी एक खूळ होतं, आणि तो गेल्यावर आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला तो या खुळामुळेच. कोणत्याही जागी पोचला, दोन्ही हात कमरेवर ठेवून चारही बाजूंना नजर फिरवली, की तो म्हणायचा, "मी मरनू ना, ते माले आठेच टाकी द्या." आठेच म्हणजे इथेच. सोनगडच्या माथ्यावर म्हणाला. उकाईच्या पाण्याकडे बघून म्हणाला. गिराला खुणांनी म्हणाला. तिथल किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत, डुमसला भजी खाताना, एकदा तर रस्ता चुकून एका बंद पडलेल्या वीटभट्टीशी पोचलो तेव्हाही त्याने हेच सांगितलं. मी म्हणायची, "नाना, एक काय ते ठरव, आम्ही तुला वाटत फिरणार आहोत का?" तो हसायचा. ठरवलं त्याने नाहीच.

तेव्हा तो गेल्यावर बमरोलीच्या त्याच्या घरात अस्थींचा कलश मध्ये ठेवून जे झालं ते होणारच होतं. पंकज म्हणाला, पप्पांनी मला उकाईलाच सांगितलं होतं, माझ्या खांद्यावर हात ठेवून. गिराला आलेला तो जोडीदार म्हणाला, गिरा, मी शपथेवर सांगतो. माझी मुलगी नवापूरहून फोनवर हट्टाला पेटली की सोनगडच, तिच्या लग्नाच्या गडबडीतही मामाने तेच सांगितलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं की नानाने ते फक्त त्याला एकट्याला सांगितलं. आवाज चढले. मग पंकज वैतागून अर्ध्या गुजरातीत म्हणाला, "आत्या, तापी इथे सुरतेत अश्विनीकुमार घाटावर पण आहे ने? पछी एवढं लांब जायचं शुं काम?" मी कपाळाला हात लावून बसले होते. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. एक साधी गोष्ट नीट सांगून जाता आली नाही. चुकीच्या जागी ठेवलं तर ते परत उचलून आणता येणार नव्हतं, आणि ती चूक आता आमच्या माथी.

नानाची बायको, माझी वहिनी, तोवर कलशाजवळ बसून होती. निर्मलावहिनीला गाडी लागते. म्हणून नानाच्या एकाही फेरीला ती कधी आली नाही. पहाटे उठून आमच्या सगळ्यांच्या पुऱ्या लाटायच्या, डबे भरून द्यायचे, आणि संध्याकाळी नानाच्या तोंडून कुठे काय पाहिलं ते ऐकायचं, एवढंच. ती म्हणाली, "आपला मानसे प्रकाशालेच जातस. मी येस. पन वाटमां माले दखाडा, त्या कोठे कोठे जायेत ते." प्रकाशं म्हणजे नंदुरबारच्या पुढे, तापीकाठचं. आमच्याकडच्या माणसांच्या अस्थी तिथेच जातात. तिचं 'त्या' म्हणजे नाना; तो वाटेत कुठे कुठे जायचा त्या जागा आपल्याला दाखवा, एवढंच ती मागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पंकज चालवत होता, वहिनी पुढे, मांडीवर कलश, मुठीत लिंबू. मी माझ्या जागी, मागच्या दाराशी, पायाजवळ ठोकळा. पंकजने मनात धरलं होतं की सरळ जायचं, दुपारी पोचायचं आणि तिथल्या गुरुजींना मोकळं करायचं. पण सोनगडला वहिनी म्हणाली, "थांब." चढावर गाडी थांबली, कुणी न सांगता मी उतरले, ठोकळा लावला. गुडघे दुखत असलेली ती बाई एकेक पायरी करत वर गेली. मी पहिल्यांदाच कुणाच्यातरी बरोबरीने वर पोचले. माथ्यावर वारा होता, लांब उकाईचं पाणी चमकत होतं, भिंती पडलेल्या, झुडपं वाढलेली. वहिनीने सगळीकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इतलाकरता?"

एवढ्यासाठी... मला हसू आवरेना. तीस वर्षं पुऱ्या लाटलेल्या बाईचा तो प्रश्न होता. तीही हसली, मग हसता हसता एका दगडावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. पंकज खालून हॉर्न वाजवत होता. उकाईला पुन्हा थांबलो. धरणाकडे बघून ती म्हणाली, "हाई पानी बरं शे." पुढे एका वळणावर त्या वीटभट्टीची आठवण मी काढली तर म्हणाली, तीही दाखव. सापडली नाही. शोधण्यात तासभर गेला. पंकज स्टिअरिंगवर हात आपटत होता पण कुणाला पत्ता विचारेना, मी त्याला "तुझ्या बापासारखं करू नकोस" म्हणत होते, आणि गाडीत शेवेचा वास सुटला होता.

प्रकाशाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि गुरुजी घरी निघून गेले होते. नानाला पोचवायलाही आम्ही उशिराच पोचलो. पंकजने फोन करकरून त्यांना परत बोलावलं, ते यायला निघाले, आणि आम्ही घाटाच्या उतरत्या रस्त्यावर गाडी चढाकडे तोंड करून उभी केली. मी ठोकळा लावला. पायऱ्यांवर बसून वहिनीने मला विचारलं, "आठे काय म्हनेत त्या?" आमच्या वडिलांच्या अस्थी घेऊन मी आणि नाना इथेच आलो होतो. मी आठवून पाहिलं. तो पाण्याकडे तोंड करून उभा होता, हात कमरेवर नव्हते. एक शब्द बोलला नव्हता, ना मोठ्याने, ना खुणेने. परत जाताना पूर्ण रस्ता गप्प होता आणि सोनगडलाही थांबला नव्हता. मी म्हटलं, "इथे काहीच बोलला नाही, वहिनी." तिने मान हलवली. "मंग आठेच," म्हणाली, आणि कलशाचं फडकं सोडू लागली.

सगळं झाल्यावर वहिनी पायऱ्या चढून वर आली. मी तिला धरून पुढे बसवलं, पट्टा लावून दिला, आणि स्वतः मागे येऊन बसले. गाडी निघाली. नंदुरबारात चहाला थांबेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. पायाशी हात घातला तर ठोकळ्याची जागा रिकामी. इतक्या वर्षांत मी एकदाही तो विसरले नव्हते, आणि विसरले ते कुठे तर घाटावर. मी पंकजला गाडी वळवायला सांगितली. तो बिचारा कपाळावर हात मारून वळवायला लागला होता.

"ऱ्हाऊ दे," वहिनी म्हणाली. "माले आरसामां दिसना व्हता."

दिसला होता, तरी ती बोलली नाही. मी चिडून विचारलं, मग सांगायचं नाही का? तिने मुठीतलं लिंबू एकदा हुंगलं आणि समोर बघत म्हणाली, "ठोकया लावाबिगर त्या कधी थांबनात का, ताई?" ठोकळा लावल्याशिवाय नाना खरंच कधी कुठे थांबला नव्हता; मी पंकजला गाडी सुरतेकडेच घ्यायला सांगितली.

पंकजने मागच्या आठवड्यात हँडब्रेक दुरुस्त करून घेतला. आता गाडी चढावर आपली आपण उभी राहते. वहिनीला दर रविवारी कुठेतरी जायचं असतं, लिंबू घेऊन, आणि सरळ रस्ता तिलाही पटत नाही. परवा डुमसच्या वाटेवर गाडी थांबली, तर मी सवयीने सर्वांच्या आधी उतरून मागच्या चाकाशी वाकले. हात रिकामे होते. पुढून कुणी ओरडलं नाही. मी तशीच थोडा वेळ वाकून राहिले.