बाईंची इटली

मी इटली पाहिलेली नाही, पण नाशिकमधल्या पुष्कळ माणसांना तिथे मीच पाठवलं आहे. कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमच्या टूर कंपनीचं ऑफिस आहे. तिथे मी माहितीपत्रकं लिहिते. टेकडीवरची दगडी गावं, सरूच्या झाडांच्या रांगा, समुद्राच्या कडेने एका गावातून दुसऱ्या गावात जाणारी पायवाट. हे सगळं मी इंटरनेटवरचे फोटो बघून लिहिते आणि लोक ते वाचून पासपोर्ट काढतात.

पत्रकांशी माझी ओळख जुनी. वडील नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. ड्युटी संपली की कामगारांच्या नाहीतर वस्तीच्या कुठल्यातरी सभेची तयारी. घरात दिवाणाखाली, फ्रिजवर पत्रकांचे गठ्ठे असत, देव्हारा असता तर देव्हाऱ्यातही असते. मी अक्षरं त्यांच्यावरून गिरवली. वडिलांचा नियम होता की पत्रकात खोटं लिहायचं नाही आणि आपण लिहिलेलं चौकात उभं राहून वाटताना मान खाली जाता कामा नये. मला ही नोकरी लागली तेव्हा त्यांनी माझं पहिलं पत्रक हातात घेऊन अंगठ्याने कागद घासून पाहिला.

"कागद फार गुळगुळीत आहे. मजकूर काय?"

"डोंगर, बाबा."

"डोंगर चालेल," ते म्हणाले.

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपते ती 'चालत इटली'. आपल्या लोकांना बसमधून उतरायचं, फोटो काढायचा आणि बसमध्ये चढायचं, एवढीच टूर माहीत. चालायची टूर म्हटल्यावर त्यांना वाटतं, संध्याकाळी बागेत फेऱ्या मारतो तसं काहीतरी असेल. एका वर्षी निम्मा ग्रुप पहिल्याच चढावर दगडावर बसून राहिला आणि गप्पा मारत थेपले खाऊ लागला. तेव्हापासून सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, निघण्याआधी नाशिकच्या डोंगरांवर सराव ठेवला. तो घ्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिला रविवार पांडवलेण्यांचा, कारण तिथल्या पायऱ्या आणि इटलीतल्या गावांच्या पायऱ्या सारख्याच दमवतात, असं सरांचं म्हणणं. आमच्या घरी त्या डोंगराला त्रिरश्मी म्हणतात. ऑफिसच्या मेसेजमध्ये मी पांडवलेणी लिहीत असे, सरांनी तसं सांगितलं होतं.

एका मोसमाच्या ग्रुपमध्ये एकट्या येणाऱ्या दोघीच होत्या. एक निवृत्त शिक्षिका. त्यांची सगळी नोकरी घोटीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली होती. पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना बाई म्हणू लागले. दुसऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, गंगापूर रोडला राहणाऱ्या. त्यांना सगळे काकू म्हणत. दोघी एकट्या, म्हणून एका खोलीत. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

बाई मला पहिल्याच फोनवर आवडल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, इटलीच का?

"मुलं म्हणतात, आई, द्राक्षाचे मळे बघायला एवढ्या लांब कशाला, गिरणाऱ्याला जाऊन ये," त्या म्हणाल्या. "पण मला चालायचंय गं. अशा ठिकाणी, जिथे समोरचा विचारेल, तुम्ही कुठल्या, आणि मी इंडिया म्हटलं की त्याचं समाधान होईल. पुढचा प्रश्न नाही."

ज्याला तो पुढचा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मला समजलं. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी इटलीबद्दल जरा मन लावून लिहिलं.

पहिल्या रविवारी पायऱ्या चढून सगळे लेण्यांत पोचले. बहुतेकांनी पाणी काढलं, फोटो काढले. बाईंनी बूट काढले, आत जाऊन बुद्धमूर्तीपुढे गुडघे टेकले आणि हात जोडून हलक्या आवाजात वंदना म्हटली. त्या उठल्या तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या.

"छान म्हणता तुम्ही," काकू म्हणाल्या. "मूळचं गाव कुठलं तुमचं?"

"निफाडकडचं."

"निफाडात कुठे? गावातच?"

"गावाच्या बाहेर," बाई म्हणाल्या आणि बुटाची नाडी बांधू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "काकूंचा फोन होता. त्यांना जोडीदार बदलून हवाय."

"का?"

"आता का काय विचारतेस." त्यांनी पेपरवेट फिरवला. "हे बघ, आपल्याकडे जातपात काही नाही. नाहीतर तू इथे असतीस का? पण त्यांचं सोवळंओवळं असतं, रोजची पूजा असते. त्या त्यांच्या ठिकाणी बरोबर."

"आणि बाई?"

"बाईंना तू फोन कर. सांग, जोडीदार मिळत नाहीये, स्वतंत्र खोली घ्या नाहीतर पुढच्या बॅचला या. तुझं त्या ऐकतील. शेवटी तुमच्यातल्याच आहेत."

सर हे चिडून नाही, विश्वासाने बोलले. त्या विश्वासाचाच मला राग आला. हे काम माझ्याकडे आलं होतं कारण मी बाईंच्यातली होते. मला ठेवून घेतल्याबद्दल त्यांनी स्वतःला शाबासकी दिली होती आणि त्याच वाक्यात मला माझ्याच माणसाच्या दारात उभं केलं होतं. नाही म्हणावं, तर तो फोन रिसेप्शनवरची मुलगी करणार आणि बाईंना अगदी गोड आवाजात टूरमधून बाहेर काढणार. हो म्हणावं, तर ते माझ्या तोंडून निघणार. मी म्हटलं, "रविवारी भेटणारच आहेत. समोर सांगते."

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. फोनवरच, जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात बसून. 'चालत इटलीच्या सर्व सहप्रवाशांना जाहीर सवाल', अशी सुरुवात. एका वाक्यात काकू, एका वाक्यात सर, आणि मधल्या सगळ्या वाक्यांत मी. चांगलं झालं होतं. ग्रुपवर टाकायला एक बोट पुरेसं होतं. बाईंना आधी विचारायचं, म्हणून थांबले.

दुसरा सराव रामशेज किल्ल्यावर होता. बाई झपझप चालायच्या. शाळेला जाताना वर्षानुवर्षं भातखाचरांच्या बांधावरून गेलेले पाय. मी त्यांना मुद्दाम मागे ठेवलं, ग्रुप पुढच्या वळणाला गेल्यावर सगळं सांगितलं, आणि पत्रक वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून उभ्याउभ्या वाचलं. एक मास्तरीणच वाचत होती, हे मला दिसत होतं.

"भाषा चांगली आहे," त्या म्हणाल्या. "हे टाकायचं नाही."

"का? खोटं आहे यात काही?"

"एक अक्षर नाही. पण तू हे वाटून घरी जाशील. मला त्या बसमध्ये बसायचंय."

"बाई, गप्प बसलं की हे लोक—"

"मला गप्प बसणं शिकवू नकोस, मी त्यात नोकरी केली आहे." त्यांनी फोन परत दिला. "हे आलं की मी त्या टूरवरची एक प्रवासी राहणार नाही. मी ते प्रकरण होईन. जेवताना लोक माझ्याशी मुद्दाम चांगलं वागतील. तेही नको आणि हेही नको."

मी म्हटलं, मग मी येते. सहायक म्हणून सर मला कधीही पाठवायला तयार होते. श्रीमंतांच्या पिशव्या उचलायला जाणार नाही म्हणून मीच नकार दिला होता. "आपण दोघी एका खोलीत राहू. त्यांना राहू दे एकटं."

बाई थांबल्या. माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिल्या की मला किल्ल्याकडे बघावं लागलं.

"म्हणजे आपली वेगळी वस्ती," त्या म्हणाल्या. "थेट इटलीत. तुझ्या सरांना फार आवडेल."

खरं होतं. प्रत्येक वाट पुन्हा त्याच जागी येत होती. मी बोलले की बाईंची टूर जाते, गप्प बसले की जाते आणि मदत केली की काकूंना हवं तेच होतं.

"त्यांना माझ्याबरोबर राहायचं नसेल तर त्यांनी मला सांगावं," बाई म्हणाल्या. "साहेबांनी नाही. तू नाही. मी खोली बदलणार नाही, तारीख बदलणार नाही. एवढंच सांग."

मी सरांना तेवढंच सांगितलं.

"असं कोण तोंडावर सांगतं?" सर म्हणाले.

"मग कोणी सांगू नये."

सरांनी काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, मी कशाला वाईटपणा घेऊ, ते तुमचं काम. सरांना दोन्ही प्रवासी हवे होते. त्यांनी तो विषय तसाच सोडला, म्हणजे माझ्यावर सोडला.

निघण्याआधी आमच्याकडे एका हॉलमध्ये मेळावा असतो. समोसे, टोप्यांचं वाटप आणि शेवटी रिबिनी. विमानतळाच्या पट्ट्यावर आपली बॅग ओळखू यावी म्हणून प्रत्येक बॅगेला नारिंगी रिबीन. ती आपली आपण बांधायची नाही. खोलीतल्या जोडीदाराने बांधायची, सगळ्यांसमोर, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ही सरांची कल्पना. नवराबायकोंच्या वेळी फार हशा होतो.

जोड्या मी पुकारत होते. माइकवर माझा आवाज मलाच परका वाटत होता. बाईंचा आणि काकूंचा नंबर आला. सर जिन्याकडे निघून गेले, फोन आल्यासारखे.

बाई पुढे आल्या. खाली वाकून त्यांनी काकूंच्या बॅगेला रिबीन बांधली, पोरांच्या वेण्यांना बांधावी तशी घट्ट. मग दुसरी रिबीन काकूंच्या पुढे धरली.

काकू हसल्या. "माझी झोप फार सावध आहे हो. जरा खुट्ट झालं की जाग येते. तुम्हालाच त्रास होईल, म्हणून म्हणते."

"सत्तर पोरांच्या वर्गात झोपलेलं मूल न उठवता फिरलेय मी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कळणारही नाही मी आहे ते."

हॉलमध्ये हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, बांधा लवकर, समोसे गार होतायत." बाईंचा हात तसाच पुढे होता. त्या हसत नव्हत्या आणि रागावलेल्याही नव्हत्या. गृहपाठाची वही यायची वाट बघावी तशा उभ्या होत्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. सगळा हॉल बघत होता. त्यांनी रिबिनीचं लांबचं टोक चिमटीत धरलं आणि बॅगेच्या मुठीत ओवून एक सैल गाठ मारली. टाळ्या वाजल्या.

मला नाचावंसं वाटत होतं. हॉलच्या बाहेर रिक्षा बघताना मी बाईंना म्हटलंही, "जिंकलो आपण."

"तू जिंकलीस," त्या म्हणाल्या. "मला आता इतके दिवस अशा माणसाशेजारी झोपायचंय, जिला मी नकोय. आणि तिला जायला जागा नाही. मलाही नाही." रिक्षात बसताना त्यांनी ती सैल गाठ सोडली आणि स्वतः पुन्हा बांधली.

टूर गेली. मी पुढच्या मोसमाचं पत्रक लिहायला घेतलं आणि 'घरच्यासारखं वातावरण' या ओळीशी रोज अडकू लागले. ही ओळ आमच्या प्रत्येक पत्रकात असते. ती खोटी होती असं म्हणता येत नव्हतं. वातावरण अगदी घरच्यासारखं होतं.

एका संध्याकाळी ऑफिसात बाईंचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता. समुद्राच्या कडेची पायवाट चालून झाली होती, त्या कुठल्याशा भिंतीवर बसल्या होत्या.

"कशा आहात बाई? आणि काकू?"

"मागे आहे, येतेय. गुडघे दुखतात तिचे, खरंच दुखतात. उतारावर मी हात देते. ती घेते."

"आणि खोलीत?"

"खोलीत स्वतःची चादर अंथरते, हॉटेलच्या चादरीवर. चहाचा पेला घरून आणलाय. मी आंघोळ करून आले की बाथरूम पुन्हा धुते. बोलते मात्र गोड. नातवाचे फोटो दाखवते."

"बाई, तुम्ही काहीतरी म्हणा तिला."

"पहिल्या दिवशी खिडकीकडची कॉट मी घेतली. विचारलं नाही. तेवढं पुरे."

सर माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले होते. "खूश आहेत ना?" ते खुणेने विचारत होते. "दोन ओळी घे त्यांच्याकडून. पत्रकात टाकू."

मी त्यांच्याकडे पाठ केली. "आणि इटली, बाई? दिसतेय का?"



"दिसतेय ना. खूप सुंदर आहे. सकाळी एक म्हातारी द्राक्षाच्या वेली बांधत होती, तिने विचारलं कुठल्या. मी इंडिया म्हटलं. तिने हसून मान हलवली, झालं." मग आवाज खाली आला. "पण मागून काकू येत होती ना. तिने आल्याआल्याच त्या म्हातारीला सांगायला घेतलं, खुणा करून, की आम्ही दोघी एकत्र नाही."

मग त्या म्हणाल्या, ग्रुप निघतोय, आणि फोन बंद झाला. सर अजून तिथेच उभे होते, पेन घेऊन. मी म्हटलं, "बाई म्हणाल्या, खूप सुंदर आहे." त्यांनी ते लिहून घेतलं.