शिंपल्यांना वाढताना

अक्का गेली तेव्हा माझ्या हातात चमचा होता. दीड महिना झाला. माझी थोरली नणंद, इथे तंजावुरातच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. शेवटचे आठ दिवस मीच तिला पेज भरवत होते. त्या सकाळी तोंड उघडं दिसलं. मला वाटलं, आज भूक लागली हिला. एक चमचा दिला, दुसरा दिला… पेज ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर उतरत होती. नात मीनू माझ्यासाठी कापीचा पेला घेऊन आली, तिने अक्काच्या गालाला हात लावला आणि माझं मनगट धरलं. "पोदुम, अज्जी… पुरे." त्यातले किती चमचे अक्काने गिळले आणि किती ती गेल्यावर दिले, हे मला कधीच कळणार नाही.

आणि असं माझ्या हातून पहिल्यांदा झालं नव्हतं.

निवृत्तीनंतर अक्काने पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आणि समुद्रकाठाहून आणलेले सात शिंपले तीत ठेवले. आमच्या घरात कांदासुद्धा वार बघून शिरतो. "शिंपले? या घरात?" मी किंचाळले. "मी खाणार नाही गे, खायला घालणार," ती म्हणाली. गच्चीत बाटल्यांमधून ती हिरवं पाणी वाढवायची, डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाचं. रोज सकाळी पंप बंद करून प्रत्येकाजवळ ड्रॉपरने एकेक घोट. शिंपले किंचित उघडून पाणी आत ओढायचे, त्यातलं खाणं गाळून घ्यायचे. सावली पडली की मिटायचे. "सरक गे रुक्मा, जेवताहेत!" की मी पदर सावरून मागे. देवघरातसुद्धा मी इतक्या अदबीने कधी सरले नसेन.

एकदा ती तीन दिवस लग्नाला कुंभकोणमला गेली आणि शिंपले माझ्यावर सोपवले. मी तेव्हा पन्नाशीची, सून आलेली. म्हणजे मला अक्कल आली अशी घरात सर्वांची समजूत. एकेक घोट? पंगतीत माझ्या वाढण्याला भिऊन लोक पानावर आडवे हात धरतात, ती मी! आख्खी बाटली ओतली. दुसऱ्या दिवशी एक शिंपला चांगला आ वासून बसलेला. बिचारा उपाशी! त्याला आणखी वाढलं, वर चमचाभर दूध. तिसऱ्या दिवशी टाकी ताकासारखी झाली आणि घरभर वास सुटला. अक्का आली, वाकून पाहिलं. "मेलेला शिंपला मिटत नाही, रुक्मा. तोंड उघडं दिसलं की आधी हात लावून बघावं. दोन दिवस तू मेलेल्याला जेवू घालत होतीस." मग म्हणाली, "श्राद्धाचं पुण्य लागेल तुला." मीही हसले. काय खिदळले, मूर्ख बाई!

मधल्या वर्षांत काही शिंपले गेले, काही नवे आले. अक्कामागे सहा उरले. आता रोज मी वाढते. कधी कधी मी जागची हललेली नसते, तरी सगळे एकदम मिटतात. मागे वळून पाहते, कुणी नसतं. "सरक गे अक्का," मी म्हणते. मग थोड्या वेळाने ते उघडतात…

गेल्या सोमवारी कोपऱ्यातला एक आ वासून होता. मेलेला असेल तर लगेच काढायला हवा, नाही तर पाणी नासून बाकीचे पाचही जातील. एवढं मला आता कळतं. पण हात उचलवेना. बोट लावत नाही तोवर तो जेवतोच आहे, असं वाटत राहिलं.

"मी बघू का, अज्जी?" मीनूने विचारलं.

"नको. या वेळी मीच."

कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. शिंपल्याच्या कडेवर बोट ठेवलं. वाट पाहिली. जरा जास्तच पाहिली… तो मिटला नाही. त्याला उचलून बाहेर ठेवलं, हात पुसले, पंप बंद केला आणि पाचांना वाढलं. हात सहाव्या जागेकडे गेलाच. तिथे वाळूत नुसता खळगा होता. ड्रॉपरमध्ये एक हिरवा घोट उरला होता. तो मी परत बाटलीत सोडला.